चिमूटभर जागा

हॉस्पिटलात त्याला सगळे तळघरकाका म्हणायचे. रक्ताचे रिपोर्ट, औषधांचा साठा, एक्स-रेचे फोटो, सगळं ज्या एका मोठ्या मशीनवर चालायचं, ते तळघरात त्याच्या ताब्यात होतं. त्या मशीनच्या पोटात आणखी छोटी मशीनं होती, डोळ्यांना न दिसणारी, व्हर्च्युअल. कुणाला किती डिस्क, म्हणजे साठवणीची जागा, द्यायची, ते काका ठरवायचा.

सुरळीत चाललं की तळघराची आठवण कुणाच्या बापाला येत नाही. पंखे घरघरतात, गारठा हाडात शिरतो, आणि काका मशीनशीच बोलतो. घरी तरी दुसरं कोण होतं? बायको गेली. मुलगा दूर, त्याच्या फोनची सुरुवातच व्हायची, "बाबा, घाईत आहे."

म्हणून काकाने एक लबाडी चालवली होती. एक्स-रेची डिस्क भरली की वरून एक्स-रेवाल्या बाईचा फोन यायचा, "काका, तुमचं मशीन परत पोट धरून बसलंय!" खुर्चीतून न उठता होणारं काम, पण काका म्हणायचा, "प्रत्यक्ष बघावं लागेल," आणि कॉलर नीट करून जिना चढायचा. आधी बाहेरून डिस्क वाढवायची, मग आतलं पार्टिशन, म्हणजे वापरातला कप्पा, त्या नव्या जागेपर्यंत ताणायचं. खाली ढीगभर जागा मोकळी होती. तो द्यायचा चिमूटभर. लवकर भरावी म्हणून. तेवढ्यात बाईचा चहा, दोन टोमणे, "शर्टाचं बटण तुटलंय की हो" असली एखादी चौकशी. त्यावर त्याचे पुढचे दिवस निघायचे.

त्या सकाळच्या फोनमध्ये मात्र थट्टा नव्हती. "आत्ताच्या आत्ता या."

टेबलावर एक म्हातारी पडली होती, खुबा मोडलेला. फोटो काढला, पण साठवायला जागाच नव्हती, वाया गेला. आता तिला पुन्हा कुशीवर वळवायचं होतं. "नको गं पोरी," म्हणत तिने टेबलाची कड घट्ट धरली होती.

बाईने काकाला दाराशीच गाठलं. "खाली जागेचा दुष्काळ पडलाय का हो? मागितली की चमचाभर देता!"

"जागा आहे."

"मग?"

 

तो तिच्या संगणकापुढे बसला. नेहमीचा आकडा टाकला, खोडला. शिल्लक होती ती सगळी जागा लिहिली. बोट बटणावर अडलं. मागे म्हातारी कण्हली. काकाने बटण दाबलं, पार्टिशन शेवटच्या टोकापर्यंत ताणलं. पडद्यावरची, किती जागा भरली ते दाखवणारी काठोकाठ लाल पट्टी आक्रसून करंगळीएवढी झाली.

"अगोबाई! आता मी रिटायर होईपर्यंत बघायला नको," बाई म्हणाली. "सुटलात तुम्ही माझ्या तोंडाच्या तावडीतून. चला, जरा पाय धरा आजींचे."

त्याने पाय धरले. बर्फासारखे होते. म्हातारी त्यालाच डॉक्टर समजून म्हणाली, "हळू रे बाबा." फोटो निघाला, साठवला गेला. बाहेर रांग खोळंबली होती. चहाचं कुणाच्या लक्षात राहणार? काका जिना उतरला.

त्यानंतर तो रोज तळघरातल्या पडद्यावर ती पट्टी बघायचा. करंगळीची करंगळीच. शर्टाचं बटणही तसंच तुटलेलं. एक दिवस त्याने टेबलाखाली वाकून फोनची वायर नीट खोचलेली आहे का ते बघितलं. मग रिसीव्हर उचलून कानाला लावला.

टोन येत होता.