आजीखुर्ची

मी मूळची पुण्याची, आणि त्यातून अमेरिकेत मॉरिसव्हिलच्या रविवारच्या मराठी शाळेत शिकवणारी. म्हणजे बघायलाच नको. कुणी 'पानी' म्हटलं की माझ्या तोंडून 'पाणी!' बाहेर पडलंच. मुलगा म्हणायचा, "आई, तू चालतंबोलतं ऑटोकरेक्ट आहेस." मला ते कौतुकच वाटायचं.

सून नॉर्वेची. तिची आई, म्हणजे माझ्या विहीणबाई, दर उन्हाळ्यात महिनाभर आमच्याकडे राहायला येतात. सहा वर्षांची नात त्यांच्याशी नॉर्वेजियनमध्ये तोंडाचा पट्टा सोडते. माझ्याशी मात्र "येस, आजी", "नो, आजी". एवढंच! खोटं कशाला बोलू, मला ते फार झोंबायचं. मराठीतलं एक वाक्य तिनं आपणहून बोलावं, एवढीच माझी आस होती.

नात आणि विहीणबाई, दोघींचा एक खेळ असे. लांब शब्द घ्यायचा आणि टाळ्या वाजवत तोडायचा. सो-मर-फूल. मग जोड उकलायचा: सोमर म्हणजे उन्हाळा, फूल म्हणजे पक्षी. उन्हाळ्यातला पक्षी, म्हणजे फुलपाखरू! सून म्हणाली, आमच्याकडे दोन नामं जोडून कुणीही नवा शब्द करावा, कुणी अडवत नाही.

"अगं, मग शब्दकोशाला विचारतं कोण?" मी म्हटलं.

शनिवारी जेवणं झाल्यावर मी जरा टेकले, तर नात येऊन मांडीवर चढली. आपणहून! टाळ्या वाजवत म्हणाली, "फुल-पा-ख-रू. आजी, सेम सेम! फूल, पाखरू!"

खरंच की! इतकी वर्षं शिकवतेय, पण माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. मी तिला जवळ घेतलं. मग तिनं माझ्या मांडीवर थोपटलं, माझ्याकडे बघितलं आणि सावकाश चार टाळ्या वाजवल्या, "आ-जी-खुर-ची."

"असा शब्द नाही मराठीत," मी म्हटलं. "मांडी म्हणायचं. म्हण बघू, मांडी."

विहीणबाईंनी टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले. पोरीचे कान लाल झाले. ती घसरून खाली उतरली आणि बाहेरच्या सोफ्यावर पुस्तक उघडून बसली. विहीणबाईंनी लेकीला काहीतरी विचारलं. तिनं हळू आवाजात सांगितलं. त्यातला 'आजी' एवढाच शब्द मला कळला, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. विद्यालय, रुग्णालय, घोडागाडी... मीच ना वर्गात हे जोडशब्द घोकून घेते? तेही कुणीतरी पहिल्यांदा जोडलेच असतील की. त्यांच्या तोंडावर कुणी हात ठेवला नाही. माझ्या नातीनं माझ्यासाठी एक शब्द केला, आणि मी काय केलं, तर तो खोडला! जळलं मेलं माझं मराठी.

विहीणबाईंच्या नजरेला नजर देववेना. मी ओटा पुसत राहिले, पुसलेलाच पुन्हा पुसला. मग हात कोरडे करून सोफ्यापाशी गेले, खाली सतरंजीवर मांडी घालून बसले आणि टाळ्या वाजवल्या.

"आ-जी-खुर-ची. ये ना बाळा, बस."

तिनं पुस्तकातून मान वर केली. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. उलट मला समजावून सांगावं तसं हळूच म्हणाली, "दॅट्स नॉट अ वर्ड, आजी."