पुजलेली सायकल

खंडेनवमीला सायकल भिंतीवरून खाली उतरवायची, हा हुकूम पुष्पाबाईंचा. डमडमच्या त्या फ्लॅटमध्ये जानेवारीपासून ती पॅसेजच्या भिंतीला टांगलेली होती, जुन्या चादरीत गुंडाळून. तिच्याविषयी घरात कुणी बोलत नसे. चादरीविषयी बोलत, एकदा धुवायला हवी म्हणून.

"चालवायची नसली तरी पुजायची," पुष्पाबाई म्हणाल्या. "निदान पुन्हा कुणाची हाडं मोडू नयेत म्हणून."

कुणाची म्हणजे सुनेची, देवयानीची.

देवयानी इथलीच. तिचे वडील बराकपूरला लष्कराच्या हिशेबखात्यात होते आणि छावणीतल्या झाडांखालच्या रुंद रस्त्यांवर ती सायकल शिकली. पुढे शाळेत भूगोल शिकवू लागली. फळ्यावर समोच्च रेषा काढायच्या, मुलींना डोंगर समजावायचे, आणि राहायचं अशा शहरात जिथे चढ म्हणजे फक्त उड्डाणपूल. पस्तिशी उलटल्यावर एका मैत्रिणीबरोबर ती पुरुलियाच्या टेकड्यांवर गेली, कुणाची तरी डोंगरी सायकल घेऊन दगडांवरून खाली आली, आणि महिन्याभरात स्वतःची सायकल घेऊन मोकळी झाली. बँकेत बदलीवर नाशिकहून आलेला तिचा नवरा अजेय तेव्हा हसला होता. पुष्पाबाई हसल्या नव्हत्या.

जानेवारीत ती त्याच टेकडीवरून पडली. कमरेइतक्या उंच खडकावरून खाली उतरायचं होतं. त्यावरून ती आधी कितीदा उतरली होती. या वेळी मागचं चाक टेकलं आणि उलट उसळलं, आणि ती हँडलवरून पुढे फेकली गेली. डाव्या खांद्याजवळचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण त्यानंतर घरात एक वाक्य राहायला आलं. या वयात कशाला. पुष्पाबाई ते भाजी निवडताना म्हणायच्या, फोनवर आपल्या नणंदेला सांगायच्या, आल्यागेल्याला ऐकवायच्या. अजेय काही म्हणायचा नाही. आणि हळूहळू देवयानी स्वतःच म्हणू लागली. फळ्यावर समोच्च रेषा जवळजवळ आल्या, म्हणजे उतार तीव्र झाला, की तिचा खडू थबकायचा. तिच्या सायकलगटातली मंडळी एकादशीला पुन्हा पुरुलियाला निघाली होती. तिने नाही म्हणून कळवलं होतं.

तर नवमीच्या सकाळी ती ओल्या फडक्याने सायकल पुसत होती. खाली दुर्गापूजेच्या मंडपात ढाक, तो मोठा ढोल, वाजत होता. सांगाडा पुसून झाला, साखळी झाली, मग हात मागच्या शॉकवर आला. चाकाचा हादरा गिळणारं ते नळकांडं, आत हवा भरलेलं, बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे. त्याचं खालचं टोक सांगाड्यात दोन ठिकाणी बसवता येतं. पुढच्या छिद्रात बसवलं की चाक भरपूर वरखाली होतं, ते डोंगरासाठी. मागच्या छिद्रात बसवलं की चाकाची चाल आखूड, कडक होते, ते सपाट रस्त्यासाठी. तिचा बोल्ट कायम पुढच्या छिद्रात असायचा.

आता तो मागच्या छिद्रात होता.

तिने सीटवर दोन्ही हातांनी भार दिला. शॉक जेमतेम हलला. त्याच्या दांड्यावर एक काळं रबरी कडं असतं. शॉक दबला की ते सरकतं आणि जिथवर दबला तिथेच राहतं. कडं दांड्याच्या जेमतेम एक तृतीयांशावरच अडकलेलं होतं. एवढ्या उंच खडकावरून पडूनसुद्धा.

"अजेय, हा शॉक कुणी काढला होता?"

तो दारात झेंडूचं तोरण बांधत होता. "कुठला?"

"मागच्या नवमीला सायकल तू धुतलीस."

"धुतली की. त्याच्यामागे चिखल बसला होता म्हणून तो काढला, परत लावला."

"मागच्या छिद्रात."

"जिथे सरळ गेला तिथे लावला."

"आणि हवा?"

"भरली. बसून बघितलं, बुडणार नाही एवढी."

अजेयचं वजन तिच्या दीडपट. जानेवारीत, त्या धुण्यानंतर पहिल्यांदाच निघताना, ती म्हणाली होती, जरा कडक वाटतेय. तो म्हणाला होता, सगळं बघून ठेवलंय. एरवी प्रत्येक वेळी ती स्वतः तपासायची. त्या एका वेळी तिने नवऱ्यावर विश्वास ठेवला होता.

पुष्पाबाई ताम्हन घेऊन आल्या. सायकल पाटाजवळ उभी केली गेली, शेजारी विळी, शिवणयंत्र, अजेयचे पाने. हँडलला हळदकुंकू लागलं, शॉकलाही बोट लागलं. तिघांनी हात जोडले.

"आता उद्या सोनं वाटेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही," असं सांगून पुष्पाबाई नैवेद्याचं बघायला आत गेल्या.

"तुला हे कधी कळलं?" देवयानीने विचारलं.

अजेयने तोरणाचा दोरा उगाच पुन्हा ओढून बघितला. "होळीच्या सुमाराला. एका व्हिडिओत दाखवत होते, दोन छिद्रं कशासाठी असतात ते."

"आणि?"

"तू तेव्हा स्वतःच म्हणत होतीस, आता पुरे. म्हटलं, बरंच झालं. उगाच उकरून काय करायचं?"

बरंच झालं. देवयानीला वाटलं, त्याने चुकून छिद्र बदललं ते एक वेळ समजून घेता येईल. पण होळीपासून हा माणूस रोज तिच्यासमोर जेवला. ते वाक्य तिच्या पानात वाढलं जात राहिलं आणि याने भात कालवला. तिचं धैर्य गेलं असं तिला वाटत होतं, आणि ते याने खिशात घालून ठेवलं होतं, घरात शांतता राहावी म्हणून.

ती खाली बसली आणि त्या पुजलेल्या पान्यांतला नेमका एक उचलला.

"अगं, आज नको. आई बघेल."

"बघू दे."

हवा सोडताना शॉक फुसकारला. बोल्ट निघाला. आता चाक नेमकं तेवढं वर धरायला दुसरं माणूस लागतं, नाहीतर छिद्रं जुळत नाहीत. अजेय वाकला. "धरू?"

"हात लावू नकोस."

तिने पूजेचा पाट ओढला, चाकाखाली सारला. उंची बरोबर बसली. बोल्ट पुढच्या छिद्रात गेला आणि कुंकू तिच्या बोटांना आलं.

"अगं बाई, पाट!" पुष्पाबाई दारात उभ्या होत्या. "काय चाललंय हे? सणासुदीला?"

"अजेय सांगेल," देवयानी म्हणाली आणि छोटा पंप लावून हवा भरू लागली. तिच्या वजनाला लागते तेवढी.

अजेय ढाकाकडे कान देऊन उभा राहिला. पंपाचा आवाज थांबला. शेवटी तो म्हणाला, "आई, ती पडली ते माझ्यामुळे. मी भलतंच बसवलं होतं. मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"होळीपासून."

पुष्पाबाई मुलासमोर येऊन उभ्या राहिल्या. "आणि मी हिला बोलत होते ते तू ऐकत बसलास? माझ्या तोंडून?" मग सुनेकडे वळून त्यांनी काहीतरी म्हणायला ओठ उघडले.

"नंतर, आई," देवयानी म्हणाली. आत्ता तिला कुणाचंच काही ऐकायचं नव्हतं.

सायकल खांद्यावर घेऊन ती जिना उतरली, दुखऱ्या खांद्यावर मुद्दाम. इमारतीच्या दारातून फाटकाकडे उंच, तुटक्या पायऱ्या उतरतात. मंडपातल्या बायका नव्या साड्यांत वळून बघू लागल्या. ती पायऱ्यांच्या वर सायकलवर बसली, वजन मागे घेतलं आणि सोडून दिलं.

चाक टेकलं, खाली बसलं, वर आलं. ती पडली नाही. फाटकाशी थांबून तिने वाकून पाहिलं, काळं कडं जवळजवळ शेवटापर्यंत सरकलं होतं. ते तिने कुंकवाच्या बोटाने पुन्हा वर ढकललं, खिशातून फोन काढला आणि गटाला कळवलं की एकादशीला ती येतेय.

वर गॅलरीत अजेय उभा होता. तिने वर बघितलं नाही. सायकल वळवून ती पुन्हा पायऱ्यांकडे गेली.