दारात थांबलेली मिरवणूक

ग्रहण लागलं की मी मुद्दाम तेव्हाच जेवायला बसते. उपास नाही, अंगारा नाही, कसलाच विश्वास नाही. त्यामुळे हे इथे लिहावं की नाही, यात बरेच दिवस गेले. असो... घडलं तसं सांगते.

मिस्टर चंदीगडला सेक्टर ३० मधल्या प्रयोगशाळेत आहेत, आणि मी इथल्या एका जुन्या कॉलेजात इतिहास शिकवते. कॉलेज मूळचं लाहोरचं, फाळणीत इकडे आलं. तिकडची एक प्रथा अजून चालू आहे — पदवीदानाच्या दिवशी एक प्राध्यापक 'मार्शल' होतो आणि चांदीच्या मुठीची काठी घेऊन मिरवणुकीच्या पुढे चालतो. अधिकार शून्य, मान मोठा. या वर्षी तो माझ्याकडे आला, आणि सोबत प्रिन्सिपल सरांनी कामही दिलं.

"मॅडमजी, इस पोस्ट की हिस्ट्री लिख दो. कुछ मतलब निकला तो ठीक, नहीं तो अगले साल से बंद."

मी खूप शोधलं. लाहोरच्या वर्षांचं काहीच हाती लागेना. सगळे कागद तिकडेच राहिलेले. जीव गुंतला होता त्या काठीत, त्यामुळे वाईट वाटत होतं.

रंगीत तालमीला सासूबाईंना सोबत न्यावं लागलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डोळ्यांत थेंब घालायचे होते. आई बार्शीच्या, हिंदीसुद्धा जेमतेम. काळा चष्मा लावून हॉलमध्ये खुर्चीवर बसल्या होत्या. मी काठी घेऊन आत शिरले, तर तिथूनच म्हणाल्या,

"अगं, न विचारता काय आत येतेस? दारात थांब. मूठ खाली कर आणि विचार, येऊ का म्हणून."

"कोणाला विचारू, आई?"

"सगळ्यात लहान पोराला. तो 'या' म्हणाला की मग यायचं."

मी हसून सोडून दिलं. वय झालंय, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी समारंभ. लख्ख ऊन, मागे गाऊन घातलेले सगळे प्राध्यापक, बँड वाजतोय... आणि दाराशी माझे पाय थांबले. भीती वगैरे अजिबात नाही. उलट फार शांत वाटत होतं. मी काठी उलटी केली, मूठ जमिनीला टेकवली आणि विचारलं, "क्या हम अंदर आएँ?"

बँड थांबला. "क्या हुआ, मॅडम?" मागून प्रिन्सिपल सर पुटपुटले. तेवढ्यात दाराजवळ व्हीलचेअरवर बसलेले एक अतिशय वृद्ध गृहस्थ नातवाचा हात धरून उभे राहिले.

"आओ जी... घर तुहाडा है."

घर तुमचंच आहे, म्हणाले. आम्ही आत गेलो.

चहाच्या वेळी त्यांनी मला बोलावलं. नाव बक्षी. लाहोरच्या शेवटच्या समारंभात सगळ्यात लहान विद्यार्थी तेच होते, आणि हेच वाक्य तेव्हा त्यांनी म्हटलं होतं. "मूठ नीचे इसलिए, बेटा, कि पूछने वाले का कोई ओहदा नहीं होता. इधर आकर किसी ने पूछा ही नहीं. मैंने भी कभी बताया नहीं... दिल नहीं किया. तुम्हें किसने बताया?"

त्या रविवारी ते आईंना भेटायला घरी आले.

"माँ जी, आप लाहौर में कब थीं?"

"काय म्हणतायत गं हे?" मी सांगितल्यावर आई हसायलाच लागल्या. "मी कशाला जातेय लाहोरला? पुण्याच्या पुढे आले ती थेट तुमच्याकडे!"

"मग तालमीत 'मूठ खाली कर' असं कसं म्हणालात?"

"मी? अगं, मी तर झोपले होते तिथं. तू थेंब घालायला उठवलंस तेव्हा जाग आली."

मी हे हिंदीत सांगितलं. बक्षी साहेबांनी आईंना हात जोडले.

मार्शलचं पद राहिलं, दारातला प्रश्नही राहिला. इतिहासही लिहून झालाय. बक्षी साहेबांनी सांगितलेलं सगळं त्यांच्या नावानिशी घातलंय. पण त्यांच्या आधी मला हे कोणी सांगितलं... तिथं काय लिहायचं, ते अजून कळलेलं नाही.