हंसआजोंची कातरबंदी

तुमची एकच चप्पल काढून घेतली आणि ‘आता पळा बघू’ म्हटलं, तर त्या माणसाला तुम्ही दयाळू म्हणाल का? आरोंद्याचे हंसआजो हा प्रश्न भेटेल त्याला विचारायचे. त्यांच्याकडे पांढऱ्या राजहंसांचा कळप होता आणि त्यांचे पंख कापावेत असं अख्ख्या वाडीचं मत होतं. पंख कापायचे म्हणजे एकाच बाजूची लांब पिसं छाटायची. हंसाचा तोल जातो, उडणं बंद होतं. दुखत नाही, आणि पिसं पुढच्या वर्षी परत येतात.

“तवसर कोलो थांबतलो काय?” आजो विचारत. उडता न येणारा हंस म्हणजे कोल्ह्याला आयतं जेवण.

आजो तालुक्याच्या कचेरीत शिपाई होते. माणसांशी मालवणीत बोलत, हंसांशी मात्र कचेरीतल्या मराठीत. “कृपया रांगेत या. गर्दी करू नका. आपलंही काम होईल.” मी वाडीतलीच मुलगी; हसले तर म्हणाले, “माणसां आपली, तेंका कशीय हाक मारूची. हे पावणे गो.” पाहुणे त्यांच्या पोटऱ्यांना चोची मारत. आजो त्याला ‘तक्रार नोंदवली’ म्हणत.

खरी भानगड पावसाळ्यात झाली. खाडीच्या बांधावरून वाऱ्यावर पंख पसरून हंस थेट शेजारच्या बाबलच्या तरव्यात उतरले. तरवा म्हणजे भाताची रोपं. ती गेली की लावणीला काय लावणार? बाबल बायकोची शिवणाची कातर घेऊनच अंगणात आला.

“आजो, आज पंख कापतंय, नायतर हंस कापतंय.”

“बस रे. चाय घे.”

“चायेन तरवो उगवतलो काय?”

आजोंनी तरी कप पुढे केला. उत्तर माझ्याकडे होतं. आमचं घर चळवळीतलं, पाळण्याबरोबर पत्रकं हलत. मी तर गिरणीच्या भिंतीवर ‘कातर हटवा, पंख वाचवा’ असं पत्रकच डकवलं. आजोंनी ते सावकाश वाचलं. “बरा लिवलंस. पण हंस वाचणत नाय, आणि बाबल वाचूचो नाय.”

लावणीआधी वाडीच्या राखणदार देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचा मान आजोंचा. एकाने देवाला सांगायचं आणि बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. एकदा म्हटलं की देवासमोर शब्द दिला. कातरीची गोष्ट नारळानंतर बघू, असं ठरलं.

“बा देवा म्हाराजा, पोरांबाळांक सुखी ठेव.”

“व्हय म्हाराजा.”

“गोरांढोरांक रोगराईपासून राख.”

“व्हय म्हाराजा.”

“बाबलाचो तरवो माज्या हंसांनी खाल्लो, तेका माजो अर्धो तरवो मिळां दे.”

“व्हय म्हाराजा.” बाबलचा आवाज सगळ्यांत मोठा.

“आणि जेका तू पंख दिलंस, तेका आमी कातर लावूची नाय.”

“व्हय म्हाराजा!” लयीत बाबलही म्हणून गेला. मग त्याचं तोंड उघडंच राहिलं.

“आजो, ह्या बरा नाय केलास.”

“मी खंय केलंय? तूच म्हटलंस.”

दुसऱ्या दिवशी आजोंनी आपला अर्धा तरवा स्वतः उपटून बाबलच्या बांधावर नेऊन ठेवला. त्या वर्षी त्यांची अर्धी शेती पडीक राहिली. त्याबद्दल त्यांनी कधी भाषण केलं नाही. मी करते, कारण मला तत्त्वाची किंमत स्वतः भरणारी माणसं फार थोडी भेटली.

आजो गेले तेव्हा हंस बाबलकडे आले. तो त्यांना अस्सल मालवणीत शिव्या घालतो, शेताला जाळं लावतो, पण कातर लावत नाही. मध्यंतरी एक रिसॉर्टवाला आला. तळ्यात फोटोसाठी पंख कापलेली जोडी हवी, म्हणाला. बाबलने त्याला फाटकापर्यंत पोचवलं.

असे रिसॉर्टवाले आता किनाऱ्यावर पुष्कळ आहेत, आणि बाबल एकच आहे. म्हणून तुम्हाला सांगणं आहे. आमच्याकडे सुट्टीला येताना, तळ्यात हंस दिसतात तिथे खोली घेण्याआधी फोन करून विचारा: ‘पंख शाबूत आहेत ना?’ नाही म्हणाले, तर दुसरीकडे उतरा. आणि का उतरलात, तेही त्यांना कळवा.