ऑक्टोबरची सावित्री

मंडळी, आज सकाळी पोलादपूरला सावित्री नदीच्या वरच्या डोहावर गरी टाकायला गेलो, तर शेजारचे चाचा आधीच तिथे. आखातातली नोकरी संपवून ते यंदाच कायमचे महाडला परतलेत.

भर उन्हात अगदी काठावर उभे होते. गरीला गांडूळ होतं, पण मासा काही लागत नव्हता.

"नदीतले मासे संपले काय रे?"

मी म्हटलं, "चाचा, पाऊस गेला, पाणी निवळलं. तुमची सावली दिसली की मासे पळतात. गढूळ पाण्यात काठाला यायचे, आता खोलात झाडाखाली असतात."

चाचा तळाचे गोटे बघत राहिले.

"माझी सुट्टी कायम पावसातली. पाणी निवळायच्या आत माझं विमान. मला वाटायचं, आपली नदी लालच हाय. तुझी चाची फोनवर सांगायची, पाणी निवळलं म्हणून. मी नुसतं हो म्हणायचो."

मग आम्ही उंबराच्या सावलीत बसलो. बोटाएवढा एक मासा लागला, तो चाचांनी सोडून दिला. उद्या चाचीला घेऊन येणार आहेत, गरी न आणता.

गावाबाहेर नोकरी करणाऱ्यांनो, तुमच्या गावाचा कुठला महिना तुम्ही फक्त फोनवर ऐकलाय?