तापलेल्या चाकावर पाणी

१९४८ च्या माघातला सोमवार, ठरलेली मजुरी सात रुपये. चौक गावच्या गॅरेजात मी, पत्नी आणि तिथला मिस्त्री. आमच्या मोटारीचा ब्रेक लावला की पायाखाली पेडल धडधडत होते. मिस्त्रीने चप्पल काढली आणि अनवाणी पायाने ब्रेक दाबत गाडी वडापर्यंत फिरवून आणली.

"घाट उतरून तापल्या चाकावर पानी वतलंत ना?"

"सगळेच ओततात," मी म्हणालो.

"माज्या भावानंबी वतलं. चाकातला ब्रेकचा ड्रम वाकडा झाला. धडधडतंय तर धडधडू दे म्हनला, न् घाटातच गेला."

खोपोलीहून ड्रम लेथवर कातून आणून त्याने बसवला. पेडल शांत झाले.

पैसे त्याने घेतले नाहीत. "माज्या वयनीला द्या."

गॅरेजलगतच्या पडवीत मोकळ्या कपाळाची बाई तांदूळ निवडत होती. सातही रुपये मी तिच्या हातावर ठेवले.