फरशीवर वाजणारं नाणं

मामी फोनवर हळू बोलली, तेव्हाच मला कळलं. नंदनवन वस्तीतल्या त्या घरात गेली काही वर्षं कोणी हळू बोलतच नव्हतं. मामांना ऐकू कमी यायचं आणि मामीला ओरडायची इतकी सवय जडली होती, की ती भाजीवाल्याशी, देवाशी आणि फोनवर माझ्याशीही त्याच पट्टीत बोलायची. त्या सकाळी मात्र, "तुहे मामा गेले वं..." एवढंच ती म्हणाली, आणि तेही मला फोन कानाशी दाबून ऐकावं लागलं.

त्याला आता महिना उलटून गेला. मामा नभोवाणी केंद्रात ध्वनिमुद्रणाचं काम करायचे. उमरेडच्या विणकराच्या घरातले. धागा तुटला की हातमाग वेगळा वाजतो, तिथंच आपला कान तयार झाला, असं सांगायचे. माइकपुढे बोलणारे गावभर ओळखीचे झाले, काचेमागच्या मामांना कोणी ओळखलं नाही. त्याचं त्यांना काही नव्हतं. त्यांचा नियम तेवढा पाळायचा: बोलायला बसण्याआधी खिशातली चिल्लर काढून टेबलावर ठेवायची, बायकांनी बांगड्यांवर रुमाल बांधायचा. मोठमोठ्या पुढाऱ्यांनीही मुकाट्यानं खिसे रिकामे केले होते. घरी बातम्या चालू असताना मी किल्ल्या वाजवल्या, तर लगेच, "काहून वं, बैलाच्या गळ्यात घुंगरमाळ बांधून राहिली का?"

अशा माणसाचेच कान जावेत, याचा मला अजून राग येतो. कानाचं यंत्र आणलं, चार दिवस लावलं, मग खणात गेलं. "तुही मामी डब्यात तोंड घालून बोलल्यासारखी वाटते," म्हणाले.

देशातल्या नभोवाणीच्या इतिहासाचा गौरव म्हणून चांदीचं नाणं निघालं, तेव्हा त्यांच्या मुलानं, नीलेशनं, ते हौसेनं मागवलं. पारदर्शक डबीत बंद, आरशासारखं लखलखीत. "बाबा, डबीतून काढू नका जी, हात लागला का खराब होते," त्यानं दोनदा ओरडून बजावलं. मामांनी मान हलवली, नखानं डबी उघडली आणि जुनी माणसं चांदी पारखायची तसं नाणं सरळ शहाबादी फरशीवर टाकलं. कडेला चांगला पोचा आला. नीलेश डोक्याला हात लावून बसला. मामा म्हणाले, "रेडिओचं नाणं आहे गा. आवाज नाही पाहा लागत का?"

मग ते रोजचंच झालं. पूजा आटोपली की मामा देव्हाऱ्यातलं नाणं उचलून फरशीवर टाकायचे, मान तिरकी करून ऐकायचे. आम्हाला वाटायचं, म्हातारपणाचा चाळा. खरं काय ते मामीनं मला स्वयंपाकघरात सांगितलं... तिच्या मानानं हळू. "कान किती उरला ते पाहून राहिले. ज्या दिवशी वाजणार नाही, त्या दिवसाले भेतात ते."

मी त्यांना शेवटचं भेटायला गेले, तेव्हाही नाणं टाकलं त्यांनी. आवाज झाला नाही. मामा तसेच उभे राहिले. चेहरा पार उतरला. "गेलं," म्हणाले. मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, "सतरंजीवर पडलं मामा! वाजणार कसं?" त्यांनी खाली पाहिलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. सतरंजी मीच गुंडाळली. त्यांनी पुन्हा टाकलं. या वेळी नाणं अस्सं खणखणलं, की मामी आतून बाहेर आली. मामांची मान तिरकीच होती. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं... ते मला दिसलं. त्यांनी मामीकडे पाहिलं. "वाजलं का?"

"वाजलं!" मामी ओरडली.

"मंग ठीक आहे," म्हणाले, आणि चहा मागितला.

परवा मी मामीकडे गेले होते. नीलेशनं नाणं पुसून पुन्हा डबीत घातलं होतं. मामीनं पूजा केली, उदबत्ती लावली आणि डबी उघडून नाणं फरशीवर टाकलं. ते वाजून, गरगरत, मामांच्या खुर्चीपाशी जाऊन पडलं. त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत, सगळं घर दणाणेल अशा आवाजात मामी म्हणाली, "वाजलं!"